सुटे स्पोक आणि 'मागवता येते' : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. लांबच्या सायकल प्रवासात सुटे स्पोक, निपल (स्पोकला रिमपाशी धरून ताणणारी छोटी नट) आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) काढण्याची अवजारे जवळ ठेवावीत, असे मी लिहिले होते. त्यावर 'आता कुठलाही भाग दोन दिवसांत मागवता येतो, नवख्यांना उगाच घाबरवू नका,' असे आपण म्हणता. मतभेदाला माझी मुळीच हरकत नाही. परंतु 'फोटोपुरती सायकल चालवणाऱ्याचे लेखन' हे शब्द वापरण्याची काय गरज होती? मी गेली कित्येक वर्षे स्वतःची चाके स्वतः बांधतो, त्यांवर सामान लादून प्रवास करतो आणि आउट आलेली रिम रस्त्याकडेला बसून सरळ करतो. हे आपल्याला ठाऊक नसेल, तर आधी विचारायचे होते.

२६ इंची, म्हणजे रिमवर टायर बसतो तिथे ५५९ मि.मी. व्यासाच्या, चाकासाठी चांगल्या टायरांचे पर्याय कमी झाले आहेत, हे आपले म्हणणे रास्त आहे.

आता त्या 'मागवता येते'विषयी. मागवण्याआधी नेमके काय मागवायचे, हे कळावे लागते. स्पोकची लांबी हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) फ्लँजचा, म्हणजे स्पोक ओवायच्या भोकांच्या कडेचा व्यास आणि हबच्या मध्यापासूनचे त्याचे अंतर, रिममध्ये निपल टेकते तिथला व्यास, स्पोकांची संख्या आणि किती क्रॉसची बांधणी आहे, म्हणजे एक स्पोक इतर किती स्पोकांना छेदून जातो, यांवरून ठरते; शिवाय मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक बहुधा दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित आखूड असतात. स्पोक चार मिलिमीटरने जास्त लांब आला, तर आटे संपतात आणि ताण देता येत नाही. तेवढाच आखूड आला, तर निपलला पुरेसे आटे मिळत नाहीत आणि ते भाराखाली तुटते. मी स्वतः अचूक लांबी कळवूनही एका विक्रेत्याने पुढच्या चाकाचे स्पोक पाठवले होते, आणि ते परत करून पुन्हा वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता.

बरे, योग्य स्पोक आला असे धरू. तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकातला, कॅसेटच्या बाजूचा, हबपाशी जिथे तो काटकोनात वळतो तिथे. नवा स्पोक फ्लँजच्या भोकातून ओवायला गेलात की दातेरी चकत्या आडव्या येतात. लॉकरिंगचे, म्हणजे कॅसेट जागी धरणारी कडी सोडवण्याचे अवजार नसेल, तर पार्सल हातात असूनही काम अडते. आणि पार्सल येईपर्यंत सायकल कशी चालवायची, याबद्दल आपण अवाक्षरही काढलेले नाही. ३६ स्पोकांच्या चाकात एक तुटला, तर शेजारचे थोडे सैल-घट्ट करून सावकाश पुढे जाता येते. २४ स्पोकांच्या चाकात तीच रिम फ्रेमला घासू लागते.

थ्रू-एक्सल (चाक फ्रेमला जोडणारा आरपार दांडा) आणि कार्बन रिमविषयीचे आपले मुद्दे माझ्या लेखाच्या विषयाबाहेरचे आहेत, म्हणून ते सोडून देतो. आपल्या हबची आणि रिमची मापे कळवलीत, तर दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी मी काढून देईन. फक्त ती प्रवासाला निघण्यापूर्वी कळवा.