माडीवरचं सिअ‍ॅटल

ग्रंज नावाचं रॉक संगीत म्हणजे काय हे मला कळायच्या आधी, त्याला माडीवरची खोली लागते हे कळलं. भाचा एका संध्याकाळी आला, चप्पल न काढताच दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, वरची खोली रिकामीच आहे ना?"

मी बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. 'रिकामीच आहे ना' या तीन शब्दांत भाडं नाही, डिपॉझिट नाही, करार नाही आणि मुदतही नाही, हे मला लगेच दिसलं. मी "बघू" म्हणालो. बघू म्हणजे नाही, हे आमच्या शाखेत शिपायालाही कळायचं. पण ही आतून म्हणाली, "द्या की, पोरं आहेत." प्रस्ताव मंजूर.

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. त्यातून ड्रमसेट उतरला, दोन अँप्लिफायर उतरले, वायरींची भेंडोळी उतरली आणि सगळ्यात शेवटी तीन पोरं उतरली. एक बेसवाला, एक ड्रमवाला आणि गिटार-गायन-आरडाओरडा या तिन्ही खात्यांचा मंत्री म्हणून आमचा भाचा. ही सगळी पोरं मला पहिल्या दिवसापासून मामा म्हणायला लागली. नात्यानं घेतलेला माणूस भाडं मागत नाही, हे त्यांनी कुठल्या विद्यापीठात शिकलं कुणास ठाऊक.

भाच्यानं मला खाली बसवून इतिहास सांगितला. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटल आणि आसपासच्या गावांत, पोरांनी पंक आणि हेवी मेटल एकत्र मळून हे संगीत काढलं. तिकडं पाऊस फार. घराबाहेर पडता येत नाही. मग तळघरात नाही तर गॅरेजमध्ये वाजवत बसायचं.

"मग हे आपल्याकडं कोकणात व्हायला पाहिजे," मी म्हणालो. "मिरजेत कुठं एवढा पाऊस?"

यावर त्यानं चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट काढून दाखवला. हा गणवेश. तिकडं लाकूडतोडे थंडीसाठी असले शर्ट घालायचे, जुन्या बाजारात स्वस्तात मिळायचे, म्हणून पोरांनी घातले. १९९२ साली मार्क जेकब्स या डिझायनरनं तोच अवतार न्यूयॉर्कमध्ये पेरी एलिस कंपनीसाठी रॅम्पवर आणला आणि नोकरी घालवून बसला. आमच्या भाच्यानं तो मिरजेत, एप्रिलमध्ये, पत्र्याच्या माडीवर घातला. त्याला नोकरी नव्हतीच, त्यामुळं ती वाचली. घामोळं मात्र आलं.

आता मिरजेबद्दल बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. पंढरपूरकडचे भोपळे येतात, वाळतात, कापले जातात आणि सतारमेकर गल्लीतून बाहेर पडतात ते देशभरच्या गवयांच्या मांडीवर जाण्यासाठी. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले; १९३७ साली गेले, तेव्हा दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. उरुसात तिथं गवई येऊन हजेरी लावतात आणि समोर भाजी विकणारा माणूससुद्धा 'पंचम जरा चढलाय' म्हणून मान हलवतो. अशा गावात चोरी एक वेळ खपते, बेसूर खपत नाही.

त्यामुळं पहिल्या आठवड्यात मी दर संध्याकाळी दाराकडं डोळे लावून बसायचो, कोण भांडायला येतंय म्हणून. नियम मी पाठच केले होते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. आमच्या ड्रमवाल्यानं नुसती काठी खाली ठेवली तरी ५५ व्हायचे. पण कुणी येईना. समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, पण त्या मी अंगणात आलो तरी खिडकी लावतात.

शेवटी आले ते चाचा. पलीकडच्या बोळात त्यांचं तंबोऱ्याचं काम चालतं. हातातली रंधा मारायची पट्टी तशीच घेऊन आले होते. मी गडबडीनं खुर्ची दिली, हिला चहा टाकायला सांगितलं, माफीची वाक्यं जुळवायला लागलो.

"आवाजाचं काही नाही साहेब," चाचा म्हणाले. "पण त्या पोराची एक तार उतरलीय. दोन दिवस झाले. आम्हाला जेवण जाईना."

मी त्यांना वर घेऊन गेलो. भाच्यानं मोठ्या उत्साहात समजावलं, की चाचा, ती मुद्दाम उतरवलीय. ह्याला ड्रॉप डी म्हणतात. सगळ्यात जाड तार एक पूर्ण स्वर खाली घ्यायची, म्हणजे आवाज जड आणि काळाकुट्ट होतो. सिअ‍ॅटलवाल्यांनी ह्याच्यावर अर्धी गाणी काढलीत.

"जाड तार उतरवलीस ते कळलं मला, बाळा," चाचा म्हणाले. "षड्ज खाली घेतलास, चांगलं केलंस. मी तिसरी तार म्हणतोय."

आणि त्यांनी गिटार हातात घेऊन, कान लाकडाला लावून, खुंटी केसभर फिरवली. माडीवर एकदम शांतता पसरली. बेसवाल्यानं, जो कुणाच्याही पाया पडत नाही, चाचांना वाकून नमस्कार केला.

मग चाचांची नजर भाच्याच्या पायापाशी असलेल्या लोखंडी डबीकडं गेली. ती फझ पेडल. भाच्यानं ती दाबून तार छेडली. खिडकीची काच हलली. चाचा मात्र पुढं सरकले. पुन्हा वाजव म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग म्हणाले, "ही जवारीच आहे की. फार उघडलीय एवढंच."

हे मला त्या सबंध वर्षात कळलेलं एकमेव शास्त्र, म्हणून सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा बारीक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की तार घोडीला चाटत थरथरते आणि सुराभोवती झण्ण असा गुंजारव उठतो, तीच जवारी. तो नसेल तर तंबोरा मुका. पेडलमध्ये तेच काम विजेनं होतं. गिटारचा आवाज इतका फुगवायचा की सर्किटमध्ये तो मावत नाही, लाटेचा माथा छाटला जातो आणि त्या छाटण्यातून मूळ सुरात नसलेले उपस्वर बाहेर पडतात. दोन्हीकडं स्वच्छ सुराला मुद्दाम खरखर आणायची, फक्त एकीकडं ती केसभर आणि दुसरीकडं टेंपोभर. सिअ‍ॅटलच्या मडहनी या बँडला तर या पेडलांचा इतका अभिमान, की १९८८ साली त्यांनी आपल्या रेकॉर्डचं नावच 'सुपरफझ बिगमफ' ठेवलं. दोन पेडलांची नावं, बस्स. आपल्याकडं कुणा गवयानं ध्वनिमुद्रिकेला 'सूत आणि घोडी' नाव दिल्याचं ऐकिवात नाही.

त्यानंतर चाचा अधूनमधून यायला लागले आणि गल्लीचा आक्षेप कायमचा मिटला. चाचांना चालतं म्हटल्यावर बोलणार कोण?

इथंवर सगळं फुकट होतं. मग अल्बमचं निघालं.

स्वतःच काढायचा, कंपनी नको, असं ठरलं. कंपनीही यांना नकोच म्हणत होती, पण तो मुद्दा कुणी काढला नाही. मराठीत स्वखर्चानं कवितासंग्रह काढायची थोर परंपरा आहे. त्यातलाच हा प्रकार. स्वखर्चानं म्हणजे नेमक्या कुणाच्या खर्चानं, हे दोन्हीकडं प्रस्तावनेत लिहीत नाहीत.

खर्च फार नसतो हे पटवायला भाच्यानं निर्वाणा या ग्रंज बँडचं उदाहरण दिलं. त्यांचा पहिला अल्बम 'ब्लीच', जून १९८९. तो काढला सब पॉप कंपनीनं, पण ध्वनिमुद्रणाचे पैसे बँडच्याच गळ्यात. जॅक एन्डिनो नावाच्या माणसानं सिअ‍ॅटलमध्ये मुद्रण केलं आणि तीस तासांचं बिल लावलं, सहाशे सहा डॉलर आणि सतरा सेंट.

सतरा सेंट ऐकल्यावर मी चष्मा लावला. गोल आकडा सांगणाऱ्यावर तपासनिसानं विश्वास ठेवू नये. चिल्लरीपर्यंत हिशेब देणारा माणूस एक तर सज्जन असतो नाही तर फारच मुरलेला, पण दोन्हीकडं वाचण्यासारखं काही असतं.

"भरले कुणी?" मी विचारलं.

"जेसन एव्हरमन म्हणून एक होता. गिटारवादक म्हणून त्याचं नाव आहे अल्बमवर. कव्हरवर फोटोपण आहे."

"किती गाण्यांत वाजवलंय?"

"एकाही नाही."

"पैसे परत मिळाले का त्याला?"

भाचा पाणी प्यायला उठला. बेसवाल्यानं उरलेली माहिती पुरवली. एव्हरमनला पुढं बँडमधून काढलं. मग तो साउंडगार्डन या दुसऱ्या बँडमध्ये बेस वाजवायला गेला, तिथूनही काढलं. मग तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला, स्पेशल फोर्सेसमध्ये गेला, इराक-अफगाणिस्तान करून आला आणि शेवटी कोलंबिया विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. बँडला पैसे दिल्यावर माणसाकडं दुसरं उरतं तरी काय?

"तुमचं सैन्यात जायचं वय गेलं," ही म्हणाली. "तेव्हा द्यायचे तर विचार करून द्या."

मी दिले. व्हाउचरवर सही घेऊन दिले.

ध्वनिमुद्रण माडीवरच झालं. घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, त्यामुळं आम्ही खाली सतरंजीवर. रात्री वाजवायला नियमाची आडकाठी, सकाळी नळाला पाणी, संध्याकाळी आरती आणि अजान. शांतता सापडली ती फक्त दुपारी दोन ते चार. मिरजेत दुपारी दोन ते चार काय चालतं हे मी सांगायला नको. त्या वेळात मी डोक्यावर उशी घेऊन छताकडं बघत पडायचो आणि वर भाचा इंग्रजीतून ओरडायचा की ह्या जगात माझं कुणी नाही. कुणी नाही म्हणता म्हणता खाली यायचा, हिनं लावलेली चार थालीपीठं लोण्यासकट खायचा, घशासाठी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरायचा आणि परत वर जाऊन एकटा पडायचा.

मिरज जंक्शन असल्यामुळं चौथ्या गाण्यात इंजिनाचा हॉर्न आलाय. सहाव्यात आमच्या कुकरची शिट्टी आहे. मी म्हटलं, पुन्हा करा. तर तिघंही म्हणाले, राहू दे, त्यामुळं गाणं खरं वाटतं. कुकर मात्र खरोखर उत्तम सुरात आहे. चाचांनीही तसंच सांगितलं.

मग कागदपत्रं. कर्जाच्या फायली मी आयुष्यभर पाहिल्या, पण गाण्याला इतके कागद लागतात हे माहीत नव्हतं. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरं-अंकांचा आयएसआरसी नावाचा ओळख-क्रमांक. अल्बमला वेगळा बारकोड. कव्हर चौरसच पाहिजे, ३००० बाय ३००० पिक्सेल. गाणी जगभर पोचवणाऱ्या मध्यस्थाला दरवर्षी फी; ती थकली तर गाणी खाली उतरणार. म्हणजे लॉकरचं भाडं. हे सगळं मी भरलं, कारण पोरांना फॉर्म पाहिला की नैराश्य यायचं आणि ते त्यावर गाणं करायचे.

स्ट्रीमिंगचा हिशेब तर बघण्यासारखा. गाणं निदान तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकलं असं धरतात. आमच्या पहिल्या गाण्यात पहिली चाळीस सेकंदं नुसती घरघर आहे. मी सुचवलं, घरघर कमी करा; निदान गाणं सुरू झाल्यावर तरी लोकांनी पळावं. तर म्हणे तडजोड होईल. शिवाय एका मोठ्या कंपनीचा नियम असा, की वर्षभरात गाणं हजार वेळा वाजल्याशिवाय त्याला पैसाच लागू होत नाही. मी घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परिपत्रक काढलं. ताई, म्हणजे भाच्याची आई, लेकासाठी काहीही करेल. तिनं मोबाइल आवाज बंद करून देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि गाणी रात्रंदिवस चालू सोडली. समई आणि ग्रंज एकाच वेळी अखंड तेवत होते. पुण्याच्या काकांनी तेवढं कळवलं, 'ऐकलं. तब्येतीची काळजी घ्या.'

या सगळ्यात पोरांना आठवण झाली, की हातात धरायला काही तरी पाहिजे. म्हणून शंभर सीडी काढल्या. २०२० नंतर कुणी सीडी काढतं का, असं मी विचारलं नाही. विचारून काय झालंय आजवर? सीडीवर पोरांनी रात्रभर बसून मार्करनं नावं लिहिली. बेस अमुक, ड्रम तमुक, गायन भाचा आणि त्याच्याखाली 'गिटार : मामा'.

"एव्हरमनची परंपरा," भाचा म्हणाला. मी व्हाउचर फाईल करून टाकलं.

सीडी खपेनात, कारण सीडी वाजवायचं यंत्र कुणाकडंच नाही. सगळा माल माडीच्या कोपऱ्यात खोक्यात पडला. जानेवारीत तासगावचा मावसभाऊ आला, त्याची द्राक्षबाग आहे. खोकं उघडून त्यानं एक सीडी उन्हात धरली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "केवढ्याला?"

"ऐकणार तू?"

"ऐकतोय कशाला! मण्यात गोडी भरायला लागली की पाखरं सुटत नाहीत. तारेला टांगायच्या. चमकल्या की लांब राहतात."

सगळा गठ्ठा त्यानं रोखीनं नेला. आता तासगावच्या एका बागेत द्राक्षांच्या ओळीओळीत माझं गिटारवादन लटकतंय. मार्चमध्ये त्याचा फोन आला. पाखरं अजिबात फिरकली नाहीत, शेजारचे बागायतदारही विचारतायत, पुढचा अल्बम ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत निघेल का? भाच्याला हे सांगितलं तर तो आधी चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "किती कॉपी पाहिजेत?"

माझी अडचण वेगळीच आहे. ती रक्कम खतावणीत कुठल्या खात्यावर टाकायची? बँडच्या आयुष्यातली ती पहिली आणि एकमेव मिळकत, आणि ती आली आहे द्राक्षबागेतून. शेतीचं उत्पन्न धरलं तर करमाफ. माझ्या ओळखीच्या सीएला मी फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, अगदी सिअ‍ॅटलपासून. फझ पेडलपर्यंत आलो तेव्हा त्यानं फोन ठेवला. आता उद्या त्याच्या ऑफिसातच जातो; व्हाउचर आहेतच जवळ.