हिमनदीच्या टोकापेक्षा तिचा जमाखर्च महत्त्वाचा

गंगोत्री हिमनदीवरचा तुमचा लेख वाचला. तिचं खालचं टोक मागे सरकतंय यावर लेखाचा सगळा भर आहे. पण बर्फ स्वतः मागे जात नाही, तो कायम उताराकडेच वाहतो. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा खाली वितळणारा जास्त झाला की टोक हटतं, तेही बऱ्याचदा कित्येक वर्षांनी. म्हणून वर्षाकाठी बर्फ किती साठला, किती गेला हे मोजावं लागतं. हिमाचलातल्या छोटा शिग्री या हिमनदीवर २००२ पासून बर्फात बांबू रोवून हे मोजमाप चालू आहे.

आम्ही वेंगुर्ल्याकडची माणसं मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसतो. मध्य आणि पूर्व हिमालयातल्या बहुतेक हिमनद्यांना हिमाची भर पडते ती याच पावसाळ्यात, आणि त्या वितळतातही तेव्हाच! आल्प्समध्ये भर मुख्यतः हिवाळ्यात पडते. त्यामुळे हिमालयात हवा जराशी तापली तरी दुहेरी फटका बसतो: वितळणं वाढतं आणि हिमाऐवजी पाऊस पडतो. शिवाय ताजं हिम ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतं, उघडा पडलेला जुना बर्फ त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून जुलैतली एक चांगली हिमवृष्टीसुद्धा काही दिवस वितळणं रोखून धरते. लेखात हे यायलाच हवं होतं.

जमिनीवरचा हा बर्फ घटला की समुद्राची पातळी वाढते. आमच्याकडे खाडीकाठी खारबंधाऱ्याच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत भातशेती आहे, त्यामुळे हा विषय आम्हाला लांबचा नाही. छोटा शिग्रीच्या नोंदींवर स्वतंत्र लेख जरूर द्या.