पाहुण्यांना ओट्यापुढे रांगेत उभं करू नका

गेल्या 31 डिसेंबरला आमच्या फोंड्याच्या घरी तीस माणसं जमली होती आणि मी रात्रभर स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभा होतो. एकेकासाठी लिंबू पिळायचं, बर्फ घालायचा, शेकर हलवायचा, तोवर पुढचा येऊन उभा. रात्री दीडला मावसभाऊ निघाला, चपला घालता घालता म्हणाला, "सगळी रात तूं खंय आशिल्लो रे?" माझ्याच घरी आलेला माणूस, आणि मी त्याच्याशी धड चार शब्द बोललो नव्हतो. ते मला फार लागलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. घरच्या पार्टीत बार मांडू नये, एक मोठं पातेलं मांडावं. रमचं पंच दुपारीच करून ठेवावं, शेजारी ओगराळं ठेवावं, ज्याला हवं त्याने वाढून घ्यावं. आणि यात काही परकं आहे असंही नाही. पंच हा शब्द आपल्या 'पाच'वरून आला असं बहुतेक जण मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. इंग्रजीत तो 1632 च्या एका पत्रात पहिल्यांदा सापडतो. ऊस आणि रमची जोड कॅरिबियन बेटांवर नंतर जमली. त्याआधीच्या पंचात असायची अराक नावाची दारू, आणि माडाच्या सुरेपासून काढलेल्या गोव्याच्या अराकचं तेव्हा मोठं नाव होतं. म्हणून मी पातेल्यात रमबरोबर कपभर माडाची फेणी घालतोच. काजूची नाही, ती बाकीच्या सगळ्या चवी दाबून टाकते.

त्या बेटांवरचा एक जुना हिशेब आहे: एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. मला दोन भाग गोड जास्त होतं, मी दीडच्याही आत थांबतो. पंचवीस माणसांसाठी मी ओल्ड मंकच्या तीन बाटल्या घेतो, म्हणजे सव्वादोन लिटर (फेणी घालायची असेल तर तेवढी रम काढून ठेवतो). पाऊण लिटर लिंबाचा रस, त्याला चाळीसेक लिंबं सहज लागतात. एक लिटर गुळाचा पाक. आणि तीन लिटर पातळ: त्यात निम्मा अननसाचा रस, लिटरभर गार पाणी, उरलेलं बर्फ वितळून येतं. सगळे मिळून सात लिटर, म्हणजे दीडशे मिलीचे पंचेचाळीसेक ग्लास.

गूळ मात्र माडाचाच. काळाकुट्ट, जरासा खारट, धुराचा वास असलेला. तेवढ्याच पाण्यात मंद आचेवर विरघळवायचा आणि फडक्यातून गाळायचा, कारण तळाशी कचकच राहते. गरम पाकात लिंबाच्या साली टाकून झाकून ठेवल्या की अर्ध्या तासात सालींचं तेल उतरतं आणि घरभर वास सुटतो. हा पाक आदल्या दिवशी करून चालतो. लिंबाचा रस चालत नाही, तो त्याच दुपारी काढायचा, शिळा झाला की कडवट लागतो.

पातळ भागाला आपल्याकडे लोक उगाच घाबरतात. ग्लासात पाणी जास्त पडलं की यजमान कंजूष, असं समजतात. मला हे अजिबात पटत नाही. शेकरमध्ये हलवताना बर्फ वितळून जे पाणी मिसळतं, ते पेयाचा भागच असतं, आणि पातेल्यात ते आपण मोजून घालायला हवं. नाहीतर पहिला ग्लास घशाला जाळतो आणि नऊ वाजताच माणसं झिंगतात. जेवण तसंच राहतं, मेहनतीने केलेलं शाकुती कुणी चाखतसुद्धा नाही.

बर्फाचे खडे पातेल्यात टाकू नका. आदल्या रात्री कुकरच्या डब्यात पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा. ती एकच लादी हळूहळू वितळते आणि शेवटच्या ग्लासालाही चव राहते. सोडा पातेल्यात घालू नका, ज्याला हवा तो ग्लासात घेईल. लवंग-दालचिनी मोजकीच, ती भिजत राहते आणि तासाभरात सगळ्यावर चढून बसते. जायफळ वाढताना वरून किसा. नारळाचं दूधही पातेल्यात नको, उभं राहिलं की फाटल्यासारखं वेगळं होतं.

आणि भांडं स्टीलचं घ्या. थोरल्या मेहुण्यांच्या साठीला मी हौसेने आजीचं पितळी घंगाळ काढलं. त्याची कल्हई गेलेली आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. दोन तासांत आतलं आंबट कळकलं. पहिला घोट घेतला आणि जिभेवर सरळ धातूची चव आली. सात लिटर पंच मागच्या परसात ओतलं. ओल्ड मंकच्या तीन बाटल्या गेल्या याचं नव्हे, मेहुणे ग्लास हातात घेऊन वाट बघत होते याचं वाईट वाटलं. कळकलेलं पोटाला बाधतं, तेव्हा "थोडं चालेल" म्हणून वाढू नका.

आता मी दोन पातेली करतो. दुसऱ्यात रम नाही: भिरंडांचं, म्हणजे कोकमांचं आगळ, तोच गुळाचा पाक, अननस, आल्याचा रस, चिमूटभर मीठ. तेवढीच मेहनत, तशीच बर्फाची लादी, तेच ग्लास. मुलं, सासूबाई आणि ज्यांच्या खिशात गाडीची किल्ली आहे ते सगळे यातून घेतात, आणि कुणालाच आपल्यापुढे कोल्ड्रिंकची बाटली सरकवली असं वाटत नाही. रात्री अंधाऱ्या वळणांवरून पणजी-मडगाव गाठायचं असतं लोकांना. गेल्या महिन्यात दोन्ही पातेली शेजारी शेजारी ठेवली होती, आणि भिरंडांचं आधी संपलं. मी तेव्हा अंगणात मावसभावाशेजारी बसलो होतो. सासूबाईंनी पातेल्यापासूनच हाक मारून विचारलं, "आगळ किती घातलं होतंस रे?"