‘अंदाजानं सांगा ना काहीतरी!’

संध्याकाळी शेजारचा चौथीतला मुलगा प्रोजेक्टची वही दाखवायला आला होता. विषय, सिंहगडची लढाई. पहिल्याच पानावर ‘तान्हाजी’च्या पोस्टरचा रंगीत प्रिंट चिकटवलेला. खाली वळणदार अक्षरात लिहिलंय, उदेभानानं ‘नागीण’ नावाची प्रचंड तोफ कोंढाण्यावर आणली, तिचा रोख राजगडावर होता, म्हणून तानाजी गड घ्यायला गेले. शेजारी लाल शाईत बरोबरची खूण, ‘खूप छान’ आणि एक चांदणी.

मुलाला काही बोलले नाही. अक्षराचं कौतुक केलं, लाडू दिला, पाठवलं. पण तेव्हापासून डोकं भणभणतंय. पोळ्या करताना तेच, जेवताना तेच. शेवटी फोन घेऊन बसले. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

त्या मुलावर राग नाही. त्याच्या बाईंवरही फारसा नाही, एवढ्या वह्या तपासायच्या म्हणजे काय ते मला माहितीये. पण नागीण तोफ सिनेमातली आहे हो! इतिहासाचं पुस्तक त्याच्या दप्तरातच होतं आणि त्यात ती नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात कोंढाणा गेला. तो परत घ्यायचा होता. याहून मोठं कारण लागतं का कुणाला? स्वतःच्या डोळ्यांसमोरचा किल्ला दुसऱ्याच्या ताब्यात, एवढं पुरत नाही?

आणि ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र कृष्णाजी अनंत सभासदानं कशी लिहिलीये ते वाचा एकदा. १६९७ मध्ये, जिंजीला बसून, राजाराम महाराजांसाठी लिहिलेली बखर. फार तर अर्धं पान. दोन मावळे वानरासारखे कडा चढून जातात, वर माळ, म्हणजे दोराची शिडी, लावतात, मग तिच्यावरून तानाजी आणि तीनशे माणसं वर. तानाजी आणि उदेभान एकमेकांवर तुटून पडतात, दोघंही जातात. सरदार पडल्यावर सूर्याजी मालुसरे माणसं सावरतात. गड घेतल्याची खूण म्हणून पागेला आग लावतात, ती राजगडावरून दिसते. आणि महाराजांच्या तोंडी एक वाक्य, “एक गड घेतला, परंतु एक गड गेला.” संपलं. घोरपडसुद्धा नाही त्यात, ती पोवाड्यातली. मी हे लिहितानाही अंगावर काटा आलाय. याच्यात तोफ कशाला घालायची? कुणाला हे कमी पडलं?

आता बाबांची गोष्ट. जवळच्यांना माहिती आहे, तरी लिहिते.

बाबांची नोकरी बँकेत, पण जीव मोडी लिपीत. सुट्टीच्या दिवशी सदाशिव पेठेत मंडळात, म्हणजे भारत इतिहास संशोधक मंडळात, जाऊन बसायचे. रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडी गाठोडं, सोडायचा, कागद काढायचा, भिंग धरायचं, पेन्सिलीनं उतरवायचं. पेनाला परवानगी नाही, कागदाजवळ शाई न्यायचीच नाही. रात्री घरी ते उतारे पक्के करायचे. एखादा शब्द लागला नाही की तिथं टिंबं. मी लहानपणी विचारायचे, बाबा, पुढचं-मागचं वाचून कळतंय की काय असेल, लिहून टाका ना. ते मान हलवायचे. टिंबं तशीच.

तर आमच्या घरी एकदा एक मालिका-लेखक आले. नाव सांगत नाही. पेशवाईवर मालिका येणार होती. चहा-पोहे झाले आणि त्यांनी बाबांना विचारलं, पानिपतावर विश्वासराव गेले ही बातमी गोपिकाबाईंना कळली तेव्हा त्या काय म्हणाल्या? बाबा म्हणाले, माझ्या वाचनात असा कागद नाही. मग कपडे कुठले होते? सांगता येणार नाही. रडल्या का? तेही नाही सांगता येणार. आई आहे, रडली असेल, पण कागद नाही. तो माणूस वैतागला. “काका, अंदाजानं सांगा ना काहीतरी!” बाबा म्हणाले, “अंदाज तुम्ही करा, तुमचं काम आहे ते. माझं नाव घालू नका म्हणजे झालं.”

इतकं साधं होतं. अंदाज करा म्हणाले, करू नका असं म्हणालेच नाहीत. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणार की सिनेमा म्हणजे डॉक्युमेंटरी नव्हे, कलाकाराला स्वातंत्र्य पाहिजे. पाहिजेच. पेशवे घरात काय बोलत होते ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, संवाद कुणाला तरी रचावेच लागणार. मान्य.

पण रचायचं काय आणि खोडायचं काय, याला काही धरबंध?

बाजीराव घ्या. गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. कर्जाच्या नरकात पडलोय, सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून कपाळाची कातडी झिजली, अशा अर्थाचं. पालखेडला निजामाला कोंडणारा हा माणूस! बाहेर सगळा हिंदुस्थान दबकतोय आणि घरी सावकार दारात. मला हा बाजीराव बघायचाय. एकटा सैन्यात घुसून बाण तोडणारा नकोय, तसले नायक दर शुक्रवारी येतात.

पानिपत घ्या. नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत आपली फौज, बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे, सगळे तिथं अडकून पडले. पैसा नाही, दाणा नाही, चारा नाही. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत सदाशिवराव भाऊंना उतरवावं लागलं ते पैशासाठीच. काशीराज पंडित शुजाच्या, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या अवधच्या नवाबाच्या, पदरी होता, सगळं डोळ्यांनी पाहिलं त्यानं. तो लिहितो की सरदार भाऊंकडे गेले आणि म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. मित्रांनो, हा प्रसंग कुठल्याही डायलॉगबाजीपेक्षा मोठा आहे. आणि पराभवाची बातमी नानासाहेबांना कशी कळली? भेलशाजवळ (आजचं विदिशा), एका सावकाराच्या जासुदाकडच्या पत्रातून. दोन मोत्यं गळाली, ते पत्र. आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहिती आहे. सावकाराचं पत्र! सरकारी डाक पोचायच्या आधी पैशाची डाक पोचली. या एका गोष्टीत अख्खी अठराव्या शतकातली पेशवाई आहे, आणि पडद्यावर काय येतं, तर दोन राजे एकमेकांकडे बघून गर्जना करताहेत.

जाऊ दे. जरा शांत होते.

पण एक गोष्ट मला खरंच समजून घ्यायची आहे. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमातल्या ‘पिंगा’ गाण्यावरून पुण्यात किती गदारोळ झाला! पहिल्याच दिवशी खेळ रद्द करावे लागले. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, पेशव्यांची स्त्री अशी नेसेल का. बरोबरच होतं, मलाही तो प्रकार आवडला नव्हता. पण ओरडा कशाबद्दल होता? अब्रूबद्दल. खरं-खोट्याबद्दल फारसा नाही. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला गेले, पाठोपाठ मस्तानी गेली, मागे राहिला सहा वर्षांचा समशेर बहादूर. त्याला पुढं काशीबाईंनी वाढवलं. तोच मुलगा पानिपतावर जखमी होऊन मेला. आता सांगा, ज्या बाईनं सवतीचं पोर आपलं म्हणून वाढवलं, तिचं मोठेपण त्या नाचानं गेलं की ही गोष्ट न सांगितल्यामुळं गेलं? यासाठी कुणी थिएटरबाहेर उभं राहिलं का?

२०१९ ला ‘पानिपत’ आला, तिकडे भरतपूरकडचे जाट त्यांच्या राजा सूरजमलच्या चित्रणावरून चिडले. २०२५ ला ‘छावा’त संभाजी महाराजांचं लेझीम होतं, ते रिलीजच्या आधीच कापलं. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी माफी मागितली. प्रत्येकाला आपलं घराणं, आपली जात, आपला महापुरुष सांभाळायचाय. सांभाळा. पण भावना दुखावली की सिनेमा चूक आणि सुखावली की खोटंसुद्धा बरोबर, हा कुठला न्याय? नागीण तोफेवर मोर्चा निघाला नाही, कारण तिनं कुणाची अब्रू गेली नाही. फक्त चौथीतल्या मुलाच्या वहीत खोटं लिहिलं गेलं आणि त्याला चांदणी मिळाली.

आणि पुण्यात हे व्हावं? ज्या गावात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० साली मंडळ काढलं, गावोगाव पायी फिरून कागद गोळा केले त्या गावात? पेशवे दफ्तर इथं आहे. रुमालच्या रुमाल अजून कुणी सोडलेले नाहीत. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर जमावानं हल्ला केला ते आठवत असेल. पोथ्या जमिनीवर होत्या. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.

त्यांच्या गोष्टीचं पुढचं राहिलंच. मालिका सुरू झाली. पहिला भाग बघायला आम्ही सगळे बसलो होतो, आत्यासुद्धा आली होती. शेवटी नावं सरकायला लागली आणि त्यात बाबांचं नाव. ऐतिहासिक सल्लागार. आत्या टाळ्या वाजवायला लागली. बाबा उठले, टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाहिनीला पत्र टाकलं, माझं नाव काढा. मग पुन्हा टाकलं. उत्तर नाही. मालिका चालली तोवर त्यांचं नाव रोज संध्याकाळी आमच्या घरात, शेजाऱ्यांच्या घरात सरकत राहिलं. गोपिकाबाईंच्या तोंडी लांबलचक भाषण होतं, तो भाग ते मंडळात गेले असताना लागला. परत आल्यावर कुणीतरी जिन्यातच त्यांना म्हणालं, “काय सुंदर लिहून दिलंत हो!” बाबा काही बोलले नाहीत. एवढ्या वर्षांची टिंबं होती त्यांच्या वह्यांत, प्रामाणिकपणे सोडलेली, आणि लोकांच्या लक्षात राहणार ते दुसऱ्यानं ठोकून दिलेलं.

हे आठवलं की मला रडू येतं अजून.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल एकांगी आहे. ‘छावा’ मी थिएटरात बघितला. शेवटच्या अर्ध्या तासात सगळं थिएटर गप्प होतं. माझ्या शेजारी एक आजी होत्या, नऊवारीतल्या, मोशीहून नातवाबरोबर आलेल्या. पडद्यावर हाल सुरू झाल्यापासून त्यांनी जे हात जोडले ते दिवे लागेपर्यंत सोडले नाहीत. बाहेर पडताना नातवाला म्हणाल्या, “आता मला वढूला, महाराजांच्या समाधीला ने.” मी कितीही चिडले तरी त्या हातांना खोटं म्हणू शकत नाही. सिनेमा हे करू शकतो, पुस्तक इतक्या जणांना हात जोडायला लावू शकत नाही. म्हणूनच तर जास्त वाईट वाटतं. एवढी ताकद हातात आहे तुमच्या, आणि खरं सांगायचा कंटाळा?

शनिवारवाड्यात पाहुण्यांना घेऊन गेले की मला हमखास ऐकू येतं, सिनेमातला तो आईना महाल कुठंय? काय सांगायचं? १८२८ च्या आगीत वरचं सगळं गेलं. दिल्ली दरवाजा, तट, जोती, हजारी कारंज्याचं कुंड, एवढंच उरलंय. लोक हिरमुसतात. मी मग त्यांना बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालयात नेते. कोथरूडहून उचलून आणलेला मस्तानी महाल आहे तिथं. एका दालनात मावतो. तिथं उभं राहिलं की कळतं की ती माणसं आपल्याच मापाची होती, आपल्याच उंचीच्या छताखाली जगत होती. एकदा औरंगाबादची भाची बराच वेळ तिथून हललीच नाही. हे मोठेपण झुंबरं लावून येत नाही.

आणि जमत नाही असं मुळीच नाही. याच पुण्यात, १९४४ मध्ये, प्रभातनं ‘रामशास्त्री’ काढला. नारायणरावांचा खून झालाय आणि एक न्यायाधीश राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगतो. त्याही सिनेमात रचलेलं पुष्कळ असेल, नाही म्हणत नाही. पण गोष्टीचा कणा इतिहासातला होता.

माझी मागणी एवढीच आहे. सुरुवातीला ती बारीक अक्षरातली पाटी येते ना, वाचून होईपर्यंत नाहीशी होणारी, कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही वगैरे, ती ठेवा हवी तर. पण सिनेमा संपल्यावर, सावकाश, वाचता येईल अशा अक्षरात लिहा: अमुक तोफ आमच्या कल्पनेतली. अमुक प्रसंग बखरीतला. अमुक पोवाड्यातला. अमुक कादंबरीवरून. काय मोठं अवघड आहे यात? ड्रोनवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं देताच की.

सिनेमात आणि मालिकांत काम करणारे माझे काही मित्रमैत्रिणी हे वाचताहेत, मला माहिती आहे. तुम्ही पुढच्या वेळी पेशवाईवर किंवा शिवकाळावर काही लिहायला बसाल तेव्हा मला फोन करा. मोडी वाचणारी तरुण मुलंमुली आहेत पुण्यात, हुशार आहेत, अर्धपोटी काम करतात. गाठ घालून देते. त्यांना नीट पैसे द्या, पटकथा आधी वाचायला द्या, शूटिंग झाल्यावर नाही. आणि त्यांनी ‘माहीत नाही’ असं सांगितलं तर तेवढं ऐका, किंवा त्यांचं नाव घालू नका.