बापालाही मोफत वकील मिळतो. पण कोणत्या बापाला?

"मॅडम, फुकट वकील फक्त बायकांनाच देतात ना?"

विधी सेवा प्राधिकरणाच्या मदत कक्षात मी स्वयंसेवक म्हणून बसते. हा प्रश्न बहुतेक पुरुष दारात उभं राहूनच विचारतात. खुर्ची पुढे केली तरी बसत नाहीत. काहीजण तर "मित्रासाठी विचारतोय" म्हणतात आणि हातातल्या पोटगीच्या किंवा घटस्फोटाच्या नोटिशीवर स्वतःचंच नाव असतं.

तर आधी सरळ उत्तर. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ मोफत मदत कोणाला मिळते ते सांगतं. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला नाही. दिव्यांगाला नाही. आणि हे फारच थोड्यांना माहीत असतं: औद्योगिक कामगारालाही नाही. ओव्हरटाइम धरून पगार मर्यादेच्या वर जातो म्हणून घरी बसलेल्या कारखान्यातल्या माणसाने कंपनीचं ओळखपत्र घेऊन यावं. बाकी बहुतेकांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ती ३ लाख रुपये आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असेल तर ५ लाख. उत्पन्नाचा दाखला हाताशी नसेल तर कलम १३ प्रमाणे प्रतिज्ञापत्रही पुरेसं मानता येतं, प्राधिकरणाला ते खोटं वाटण्याचं कारण नसेल तर.

बायकांना सरसकट सवलत का, यावरून कमेंटमध्ये भांडण होणार हे मला माहीत आहे. ती सवलत मला पूर्णपणे मान्य आहे. जिने दहा-बारा वर्षं घर सांभाळलं, तिच्या नावावर ना पगार ना पासबुक, तिला उत्पन्नाचा दाखला मागून काय मिळणार? माझा राग दुसरीकडे आहे. महिन्याला २५ हजारांच्या जरा वर कमावणारा ड्रायव्हर किंवा सिक्युरिटी गार्ड या मर्यादेच्या बाहेर जातो. त्यातून अंतरिम पोटगी (निकाल लागेपर्यंत द्यायची) आणि खोलीचं भाडं वजा केलं की जे उरतं त्यात वकिलाची फी बसत नाही. कायद्यात मर्यादा उत्पन्नाची आहे, हातात काय उरतं याची नाही. न्यायालयाच्या आदेशाने जाणारी पोटगी वजा करूनच उत्पन्न मोजलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो पैसा त्या माणसाचा राहिलेलाच नसतो.

मर्यादेत बसत असाल तर अर्ज करणं अवघड नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. प्राधिकरणाच्या पॅनलवरचा, म्हणजे यादीतला वकील मिळतो, कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चही त्यात येतो. या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. "झेरॉक्सचे द्या", "साहेबांना भेटायचं आहे" असं काही सुरू झालं तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. पॅनलचे सगळेच वकील चांगले असतात असं मी म्हणणार नाही. काही जीव ओतून काम करतात, काही नुसती पुढची तारीख घेतात. न जमल्यास वकील बदलून मागता येतो. त्यासाठीही अर्जच करावा लागतो, खासगीत कुरकुर करून काही होत नाही.

मर्यादेबाहेरच्या माणसाचं काय? कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार या न्यायालयात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कच नाही. स्वतः उभं राहणं इथे कमीपणाचं नाही, कायद्यानेच ते गृहीत धरलंय. गरज वाटली तर न्यायालय न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा कायदेतज्ज्ञ, नेमू शकतं. विवाह समुपदेशक तिथेच असतात, त्यांची फी नाही. टेलि-लॉ योजनेत सामायिक सेवा केंद्रातून वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. लॉ कॉलेजांची विधी सहाय्य केंद्रं अर्ज लिहून द्यायला मदत करतात. विद्यार्थी तुमच्या वतीने कोर्टात बोलू शकत नाहीत, पण नीट लिहिलेला अर्ज म्हणजे निम्मं काम. तारीख आणि आदेश ई-कोर्ट्स ॲपवर फुकट दिसतात, नुसतं "आज काय झालं?" विचारायला कुणाला पैसे देऊ नका.

खासगी वकील लावणारच असाल तर फी तारखेवर ठरवू नका, टप्प्यावर ठरवा: उत्तर दाखल करणं, अंतरिम अर्ज, पुरावा. पावती मागा. "मुलाचा ताबा शंभर टक्के मिळवून देतो, काम झाल्यावर बघू" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

खर्च वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा मात्र तुमच्या स्वतःच्या कपाटात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं. पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते तारखेवार लावून नेलेत तर वकिलाचे कितीतरी तास वाचतात. आमच्याकडे मात्र माणसं मोबाइल पुढे करतात, "बघा ना मॅडम, काय काय बोललीय ती." दोन-अडीचशे स्क्रीनशॉट. पगाराची स्लिप एकही नाही.

आता मला खरं जे बोलायचं आहे ते. बाप पहिलं वर्ष पोटगी कमी करण्यात घालवतो आणि मुलाला भेटण्याचा अर्ज कुणी करतच नाही. "ताबा तर आईलाच देतात" असं धरून चालतात. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल 'सर्वसाधारणपणे' आईकडे असावं म्हटलंय, पण ताबा आणि भेट या वेगळ्या मागण्या आहेत. यशिता साहू प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलाला आई-वडील दोघांच्याही सहवासाचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे व्हिडिओ कॉलचाही विचार व्हावा. मोफत वकील मिळाला की त्याला पहिलं काम हे सांगा: अंतरिम भेटीचा अर्ज.

आणि अर्जात रडगाणं नको. एका गृहस्थाला मी विचारलं, शाळा किती वाजता सुटते? लगेच म्हणाला, "बारा वीसला. पण गुरुवारी पीटी असते, तेव्हा पाऊण वाजता. व्हॅनमध्ये तिला खिडकीच लागते, नाहीतर उलटी होते." बायकोबद्दलची चार पानं बाजूला ठेवून आम्ही हे लिहिलं. गुरुवारी शाळेपासून संध्याकाळी सहापर्यंत मुलगी माझ्याकडे असावी, मी स्वतः आणीन, स्वतः सोडीन. न्यायाधीशांना 'हो' म्हणता येईल अशी मागणी अशी असते.

"भेटू देत नाही ना, मग पोटगी बंद" हा व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सल्ला तर कृपा करून विसरा. तिथे सल्ला देणारा तुमच्याबरोबर आत जात नाही. आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, त्यात थकबाकीसाठी वॉरंट निघतं आणि तुरुंगवासही होऊ शकतो. भेट मिळत नसेल तर त्याची तक्रार न्यायालयात वेगळी करायची.

नोटीस आली असेल तर तारखेच्या आत मदत कक्ष गाठा, कारण हजर राहिला नाहीत तर प्रकरण एकतर्फी चालू शकतं आणि मग आधी तो आदेश रद्द करून घेण्यातच वेळ जातो. येताना आधार, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि नोटीस तिच्या पाकिटासकट आणा. पाकीट फेकू नका, नोटीस तुम्हाला कधी मिळाली हे त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.