बलक टाकून देऊ नका

एका लेखात अंडं आणि काकडी समोरासमोर ठेवून ‘कमी कॅलरी, म्हणून काकडी सरस’ असा निकाल दिलाय, तो मला अजिबात पटला नाही. काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं, मग कॅलरी कमी असणारच! १०० ग्रॅममध्ये साधारण १५ कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. एका मोठ्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढी काकडीतून मिळवायची तर जवळपास किलोभर काकडी खावी लागेल. शिवाय अंड्यात असणारं बी-१२ जीवनसत्त्व काकडीत नसतंच.

माझी मुलगी वजनाच्या धास्तीने उकडलेल्या अंड्यातला बलक बोटाने अलगद काढून ताटाच्या कडेला ठेवायची. बघून जीव तुटायचा. कोलीन (मेंदूला लागणारं एक पोषकद्रव्य), अ आणि ड जीवनसत्त्व, बहुतेक लोह, सगळं त्या पिवळ्या गोळ्यातच तर असतं! आता खाते, बरं का.

काकडीला नावं ठेवत नाहीये मी. अंड्यात तंतू आणि क जीवनसत्त्व नसतं, ते काकडीत थोडं तरी असतं. फक्त ती सालासकट खा, के जीवनसत्त्व सालीतच जास्त असतं.