ग्रीक पुजारिणींचा जाहीर सन्मान कधी झालाच नाही?

सध्या एक दावा सगळीकडे फिरतो आहे. प्राचीन ग्रीसमध्ये बाईचं नाव चारचौघांत घेतलं जात नसे, देवळातल्या पुजारिणी म्हणजे जन्मभर कोंडलेल्या कुमारिका, नुसत्या राबणाऱ्या सेविका, आणि त्यांचा जाहीर सन्मान कुणी कधी केला नाही. सोबत पुरावा म्हणून अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याचं वाक्य: पुरुषांत जिची कमीत कमी चर्चा होते, त्या बाईचा लौकिक मोठा.

ते वाक्य आपल्यापर्यंत पोचवलं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने. पण अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनेशियन युद्ध नेमकं कधी पेटलं (इ.स.पू. ४३१) हे याच थ्युसिडिडीजला सांगायचं होतं, तेव्हा त्याने लिहिलं की आर्गोस नगरात ख्रिसिसला हेरा देवीची पुजारीण होऊन ४८ वर्षं झाली होती. वर्ष ओळखायला तो स्पार्टा आणि अथेन्सचे अधिकारीही सांगतो, पण ते तिच्यानंतर येतात. हेलानिकस या दुसऱ्या इतिहासकाराने तर हेराच्या या पुजारिणींच्या क्रमावरच इतिहास रचला होता. पुढे इ.स.पू. ४२३ मध्ये ख्रिसिसचा डोळा लागला, दिव्याने हारांना आग लागली आणि देऊळ जळालं. ती रातोरात पळून गेली. तरीही आर्गोसकरांनी तिचा पुतळा काढला नाही. जवळपास सहाशे वर्षांनी प्रवासवर्णनकार पॉसानियसला तो जळक्या देवळासमोर उभा दिसला.

कुमारिका? काही पदं कुमारिकांसाठी होती हे खरं, पण सगळी नव्हेत. अथेन्सच्या मेलिटे वस्तीतली सॅटिरा विवाहित होती. डीमीटर आणि कोरे या देवींची ही पुजारीण. तिने पदरचे पैसे घालून देवळांची डागडुजी केली, म्हणून वस्तीने ठराव केला: तिचं कौतुक व्हावं, तिला मर्टल या झुडपाच्या पानांचा मुकुट द्यावा, आणि इतर पुजारिणींप्रमाणे तिचंही चित्र देवळात लावता यावं. ‘इतर पुजारिणींप्रमाणे’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. म्हणजे हा मान नवा नव्हता, रिवाजातला होता.

याहून मोठा मान अपोलो देवाच्या कौलासाठी प्रसिद्ध असलेल्या डेल्फीने दिला. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अथेन्सची मोठी मिरवणूक डेल्फीला गेली, तिच्यात अथेन्सची नगरदेवता अथीना पोलियास हिची पुजारीण ख्रिसिस होती (ही वेगळी, निकेटीजची मुलगी). डेल्फीने तिला मुकुट दिला. शिवाय देवाला कौल लावण्यात आणि खटल्याच्या सुनावणीत अग्रक्रम, करमाफी, सगळ्या स्पर्धांत पुढची बैठक, जमीन आणि घर घेण्याचा हक्क. हे सगळं तिला आणि तिच्या वंशजांनाही. नगरं हे हक्क आपल्यावर उपकार करणाऱ्या परक्या पुरुषांना देत, आणि इथे तेच एका बाईच्या नावाने दगडावर कोरले आहेत.

‘सेविका’ हा शब्दही बसत नाही. अथीना निके म्हणजे विजय देणारी अथीना, तिच्या पुजारिणीला वर्षाला ५० द्राख्मा (चांदीची नाणी) आणि सार्वजनिक बळींच्या तंगड्या व कातडी मिळावी, असा अथेन्सच्या सभेचा ठराव आहे. ही पुजारीण निवडायची ती सगळ्या अथेनियन स्त्रियांमधून. अथेन्सचा वक्ता इस्किनीज सांगतो की पुरुष पुजाऱ्यांसारखा पुजारिणींनाही कारभाराचा हिशेब द्यावा लागे.

या बायकांना सभेत मत नव्हतं, ठराव पुरुषांनीच केले. ते कुणी नाकारत नाही. पण मत नव्हतं म्हणून मानही नव्हता, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो पुढे पाठवताना ख्रिसिस आणि सॅटिरा यांची नावं आपणच पुसतो आहोत.